यंत्र बंद, मीटर चालू

गेल्या जूनमधली गोष्ट. मृग लागून चार दिवस झाले होते. रोज दुपारी आभाळ गच्च भरून यायचं आणि जळगावला हुलकावणी देऊन भलतीकडेच कुठेतरी मोकळं व्हायचं. अशाच एका सकाळी धुळ्याहून भाच्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. एकदम म्हणाला, "मामा, मशीन ते बंद शे. मंग हाई बिल कसानं?"

भाच्याचं अवधानच्या एम.आय.डी.सी.त लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि कर्ज काढून घेतलेलं एक व्ही.एम.सी. मशीन म्हटल्यावर मला त्यातलंच एखादं आठवलं, आणि बिल म्हटल्यावर महावितरणचं. मी समजावू लागलो, की बाबा रे, मशीन बंद असलं तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. त्याने मध्येच तोडलं. "तसं नाही मामा. पोरीचं मशीन. ते आपल्या घरात नाहीच. कुठे आहे तेही मला माहीत नाही. पण बिल आलंय. बारा हजार आठशे रुपये."

माझा भाचा रागावला की अहिराणीत बोलतो आणि घाबरला की पुस्तकी मराठीत. फोनवर तो अर्ध्यातच मराठीवर आला, तेव्हा मी पिशवीत चष्मा आणि वही टाकली आणि बसस्टँड गाठलं.

पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. ह्या रस्त्याने नोकरीत असताना किती वेळा गेलो असेन, त्याचा हिशेब नाही. बँकेत असताना पारोळ्याच्या बाजूच्या एका शाखेत मी तीन वर्षं होतो. तिथला एक शेतकरी बँकेच्या नोटिसा न फोडता देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे ठेवायचा. वसुलीला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने तसबीर काढून दाखवली. अकरा पाकिटं, जशीच्या तशी. त्या माणसाचं मूळ देणं फार नव्हतं. पाकिटं न उघडल्यानेच ते वाढलं होतं. बसमध्ये मला तो माणूस सारखा आठवत होता, कारण भाच्याने फोन ठेवता ठेवता सांगितलं होतं, की पोरगी तीन महिने ई-मेल लपवून बसली होती आणि दोन दिवस धड जेवलेली नाही.

नात, म्हणजे भाच्याची मुलगी, जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने आणि आणखी तिघांनी मिळून एक प्रोजेक्ट केलं होतं: केळीच्या पानाचा फोटो काढायचा आणि त्यावर करप्याचे ठिपके आहेत की नाहीत, हे संगणकाने सांगायचं. चौघांतल्या एकाच्या घरी रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. त्या बागेत आणि आजूबाजूच्या शिवारात फिरून पोरांनी चार हजारांवर फोटो काढले होते. हे एवढे फोटो संगणकाला दाखवून शिकवायचं, तर घरचा लॅपटॉप पुरेना. तापून बंद पडायचा. तेव्हा कोणीतरी सांगितलं, की क्लाऊडवर मशीन फुकट मिळतं. एका मोठ्या परदेशी कंपनीकडे नातीने खातं उघडलं. ओळख पटवायला कार्ड लागतं म्हणून वडिलांच्या डेबिट कार्डाचा नंबर घातला. भाच्याला दोन रुपये कापल्याचा संदेश आला, ते परतही आले. पुढे तो ते विसरून गेला.

मी पोचलो तेव्हा भाचा ओट्यावर होता. त्याची मुख्य काळजी वेगळीच निघाली. जुलैमध्ये वर्कशॉपच्या कॅश क्रेडिट खात्याचं नूतनीकरण होतं. हे बिल थकलं तर 'सिबिल' बिघडेल आणि बँक लिमिट कमी करेल, हे कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. मी म्हटलं, हे कर्ज नव्हे. कार्ड डेबिट कार्ड आहे, क्रेडिट कार्ड नाही. क्रेडिट संस्थांकडे जाते ती कर्ज देणाऱ्यांनी कळवलेली माहिती. तू कोणाकडून कर्ज घेतलेलं नाहीस, भाड्याने वस्तू वापरली आहेस. देणं आहेच, ते नाकारू नकोस. पण त्याचा तुझ्या लिमिटशी संबंध जोडू नकोस. तो थोडा सैल झाला. मग म्हणाला, "मी तिला सांगितलंय, हे संगणकाचं बंद कर आणि बँकेच्या परीक्षेला बस."

आता ह्यावर एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने काय बोलावं? मी आत गेलो.

नात बाहेर यायला तयार नव्हती. मी तिला एवढंच म्हटलं, की मला बिल माफ करता येत नाही, पण वाचता येतं. तेवढ्याचाच मी पस्तीस वर्षं पगार घेतला. मग ती लॅपटॉप घेऊन आली आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो.

आधी हे 'मशीन' म्हणजे काय, ते भाच्याला सांगणं भाग होतं. क्लाऊड ह्या शब्दाने फार घोटाळा केला आहे. आम्हा खान्देशातल्या माणसांना ढग म्हणजे काय ते चांगलं ठाऊक असतं: जो दिसतो आणि हाती लागत नाही, तो. हा ढग मात्र जमिनीवर असतो. मोठमोठ्या इमारतींत रांगेने संगणक मांडलेले असतात, त्यांना वीज लागते, गारवा लागतो, राखण लागते. मायक्रोसॉफ्टने असं केंद्र २०१५ साली पुण्याच्या परिसरात सुरू केलं, अॅमेझॉनने २०१६ च्या जूनमध्ये मुंबईत, गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच. अशा एका धिप्पाड संगणकाचे, सॉफ्टवेअरच्या युक्तीने, अनेक लहान संगणक भासवता येतात. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं असावीत, प्रत्येकाला आपलं दार, आपलं कुलूप, आणि वाडा मात्र एकच, तसं. त्यातलं एक बिऱ्हाड म्हणजे व्हर्च्युअल मशीन. नातीने भाड्याने घेतलं होतं ते हे.

कल्पना नवी नाही. संगणकाची ताकद टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा म्हणून विकली जाईल, असं जॉन मॅकार्थी ह्या संगणकशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच बोलून ठेवलं होतं. आपल्याकडे १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा अवाढव्य संगणक आला, तेव्हा बाहेरच्या संस्थांतले संशोधकही आपली गणितं घेऊन तिथे जात. पण कोणीही सोम्यागोम्याने कार्डाचा नंबर द्यावा आणि दोन मिनिटांत संगणक भाड्याने घ्यावा, ही सोय अॅमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये आणली. तेव्हाचा भाव होता तासाला दहा सेंट. तास हे एकक तिथून रुळलं. आता बऱ्याच ठिकाणी सेकंदाने मोजतात, पण भाव अजून तासाचाच सांगतात.

भाच्याला हे पटकन कळलं, कारण त्याचा स्वतःचा धंदा तोच आहे. नाशिकच्या कारखान्यांचं जॉबवर्क तो 'मशीन अवर'ने घेतो. व्ही.एम.सी.चा तासाचा दर ठरलेला. तो म्हणाला, "मग ठीक आहे ना. जेवढे तास चाललं तेवढे पैसे. मार्चमध्ये प्रदर्शन झालं, हिने मशीन बंद केलं. एप्रिलचं बिल कशाचं? मेचं कशाचं?"

हाच खरा प्रश्न होता. बिलं तीन होती. मार्चचं ७,९०० रुपयांचं, एप्रिलचं २,४५०, मेचं पुन्हा २,४५०. मार्चमध्ये यंत्र दिवसरात्र चालू होतं, त्याबद्दल वाद नव्हता. एप्रिलमध्ये ते मिनिटभरही चाललं नव्हतं. नात परत परत यंत्रासमोरचा 'थांबवलेलं' असा शब्द दाखवत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. तिची समजूत अशी झाली होती, की आपल्याला कोणीतरी फसवतंय किंवा आपणच काहीतरी भयंकर मूर्खपणा केलाय.

दोन्ही खरं नव्हतं. मी त्यांना केळीच्या वॅगनची गोष्ट सांगितली.

रावेर, सावदा ह्या स्टेशनांवरून दिल्लीकडे केळी जाते, हे आपल्या भागात पोरासोरांना ठाऊक आहे. वॅगन भरायला रेल्वे काही तास मोफत देते. रेल्वेच्या भाषेत त्याला 'फ्री टाइम'च म्हणतात. तेवढ्यात भरणं झालं नाही, तर पुढे वॅगन अडकवून ठेवल्याबद्दल तासाने आकार पडतो. त्याला म्हणतात डेमरेज. आणि समजा तुमचा माल वॅगनमध्ये नाहीच, नुसता रेल्वेच्या धक्क्यावर पडून आहे, तर? त्यालाही आकार आहे. तो वेगळा. त्याचं नाव वारफेज. वॅगन निघून गेली म्हणजे डेमरेज थांबतं, पण धक्क्यावर राहिलेल्या मालाचं वारफेज थांबत नाही. बँकेत असताना केळीच्या व्यापाऱ्यांचे हिशेब तपासताना हे दोन शब्द मी इतक्यांदा वाचले आहेत, की झोपेतसुद्धा त्यांची गल्लत होणार नाही.

नातीने यंत्र थांबवलं, म्हणजे वॅगन सोडली. माल मात्र धक्क्यावरच होता.

मग आम्ही एप्रिलच्या बिलाची एकेक ओळ घेतली. पहिली ओळ डिस्कची: ७६० रुपये. चार हजार फोटो, शिकवलेला प्रोग्राम, त्याच्या आधीच्या पाच अर्धवट आवृत्त्या, सगळं ह्या डिस्कवर. यंत्र झोपलं तरी डिस्क जागीच असते. किंबहुना ती जागेवर राहावी म्हणूनच तर आपण यंत्र नुसतं थांबवतो. आणि गंमत अशी, की त्या डिस्कचा अर्ध्याहून जास्त भाग रिकामा होता. भाडं भरलेल्या जागेचं नसतं, घेतलेल्या जागेचं असतं. गोदाम घेतलं की पोती किती ठेवलीत हे मालक विचारत नाही.

दुसरी ओळ २९० रुपयांची, स्नॅपशॉटची. म्हणजे डिस्कच्या आठवणीदाखल काढून ठेवलेल्या प्रती. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात पोरांनी भीतीपोटी चार प्रती काढल्या होत्या.

तिसरी ओळ पत्त्याची, ३०६ रुपये. इंटरनेटवर यंत्र सापडायला त्याला आकड्यांचा एक पत्ता लागतो. यंत्र थांबवून पुन्हा सुरू केलं की पत्ता बदलतो, म्हणून पोरांनी कायमचा पत्ता राखून घेतला होता. जुन्या पद्धतीचे असे पत्ते साऱ्या जगात मिळून जेमतेम ४२९ कोटी आहेत आणि ते केव्हाच पुरेनासे झाले. त्यामुळे त्यांना आता भाव आला आहे. अॅमेझॉनने तर १ फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक सार्वजनिक पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावला, वापरात असो वा नसो.

चौथ्या ओळीशी आम्ही अडलो. ७२० रुपये, दुसऱ्या एका लहान यंत्राचे. नात म्हणाली, "हे माझं नाही." तारीख पाहिली, तर डिसेंबरातली. मग फोनाफोनी झाली. चौघांतल्या एकाने पहिल्या आठवड्यात, नुसतं जमतंय का हे बघायला, एक छोटं यंत्र चालू केलं होतं. ते जमलं. मग मोठं घेतलं. छोटं बंद करायचं राहून गेलं. तो पोरगा फोनवर इतका गडबडला, की मलाच त्याची दया आली. घरातला दिवा चालू राहिला तर येता-जाता दिसतो. हा दिवा सहा महिने चालू होता, आणि तो दिसायला बिल वाचण्याखेरीज दुसरी जागा नव्हती.

ह्या चौघांची बेरीज २,०७६. त्यावर १८ टक्के जी.एस.टी., ३७४. झाले २,४५०. भाच्याने लगेच विचारलं, ह्या जी.एस.टी.चं क्रेडिट मला मिळेल का? मी म्हटलं, खातं तुझ्या फर्मच्या नावावर असतं आणि धंद्यासाठी असतं तर विचार करता आला असता. तो चुटपुटला. हाडाचा कारखानदार!

इथे मला एक गोष्ट उलगडायची राहिली होती. मोफत मुदत असताना ह्या चारही ओळी होत्याच, मग पोरांना त्या दिसल्या कशा नाहीत? नातीने डिसेंबरचं बिल उघडून दाखवलं: देय रक्कम शून्य. पण खाली, बारीक अक्षरांत, वापर अमुक आणि सवलत वजा अमुक, असं लिहिलेलं होतं. आपल्याकडे पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्याने मिळतं. म्हणजे व्याज लागतच नाही का? लागतं. ते सरकार भरतं, तुम्ही मुदतीत फेडलं तर. मुदत टळली की इतके दिवस न दिसणारं व्याज उभं राहतं. मोफत मुदतीतलं क्लाऊडचं बिल असंच शून्य असतं. ह्या काळात पाहायचा आकडा शून्याचा नव्हे, सवलतीच्या आधीचा. सवलत सरली की महिन्याला किती पडेल, ते तो आकडा पहिल्याच महिन्यात सांगत असतो.

आणि मुदत संपल्यावर काय होतं, हे प्रत्येक दुकानात निराळं. गूगलची रीत अशी, की ३०० डॉलरची सवलत ९० दिवस. ती संपली की यंत्रं थांबतात, तीस दिवसांची सवड मिळते, आणि तुम्ही स्वतः होऊन पैसे देणारं खातं करून घेतलं नाही, तर कार्डाला हात लागत नाही. मायक्रोसॉफ्ट २०० डॉलर देते, पण तीसच दिवस. काही लहान सेवा मात्र वर्षभर मोफत. अॅमेझॉनकडे १५ जुलै २०२५ पूर्वी उघडलेल्या खात्यांना लहान यंत्राचे महिन्याला ७५० तास बारा महिने मोफत होते. एकतीस दिवसांच्या महिन्याचे तास होतात ७४४, म्हणजे एक यंत्र अहोरात्र चाललं तरी बसतं. दोन चालवली तर अर्ध्या महिन्यातच तास खलास. आणि बारा महिने संपले की काहीही न थांबता, न विचारता, नेहमीचा दर लागू होई. त्या तारखेनंतरच्या खात्यांना तिथे दोनशे डॉलरपर्यंत सवलत आणि मोफत योजना निवडली तर जास्तीत जास्त सहा महिने, अशी पद्धत आली. मुदत किंवा सवलत संपली की खातं बंद होतं, बिल सुरू होत नाही. अटी बदलत राहतात. पण विचारायचा प्रश्न एकच असतो: मुदत संपली की यंत्र थांबतं, की मीटर सुरू होतं? मुदत ठेवीच्या अर्जावर 'आपोआप नूतनीकरण' ह्या चौकोनात खूण आहे की नाही, हे आम्ही ग्राहकाला विचारायचो, तसंच.

नातीचं खातं थांबणाऱ्यांपैकीच होतं. मग मीटर सुरू झालं कसं? तिने तोंड खाली घालून सांगितलं. मुदत संपायला आठ दिवस राहिले तेव्हा कंपनीचे संदेश येऊ लागले, की अपग्रेड केलं नाही तर यंत्र थांबेल. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं. चार हजार फोटो तिथे. तिने बटण दाबलं. मला नाही वाटत मी तिच्या जागी असतो तर वेगळं काही केलं असतं. फक्त ते बटण म्हणजे आठ दिवसांची वाढीव मुदत, अशी तिची समजूत होती; प्रत्यक्षात तो भाडेकरार होता, शेवटची तारीख नसलेला. खर्च इतक्या रुपयांवर गेला तर कळवा, अशी सूचना तिने लावून ठेवली होती, आणि कंपनीने इमानाने कळवलंही होतं. पण बहुतेक ठिकाणी ही सूचना म्हणजे नुसती घंटा असते. ती वाजते, नळ बंद करत नाही.

पैसे कापले कसे गेले नाहीत, ह्याचं भाच्याला नवल वाटत होतं. त्याचं श्रेय रिझर्व्ह बँकेला. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून वारंवार कापल्या जाणाऱ्या रकमांना खातेदाराची आधी घेतलेली, नोंदवलेली संमती लागते. २०२२ च्या जूनमध्ये ह्या संमतीवर ओ.टी.पी.शिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा पाच हजारांवरून पंधरा हजारांवर नेली. इथे अशी संमती नोंदलेलीच नव्हती, म्हणून बँक प्रत्येक वेळी नकार देत गेली आणि थकबाकी साचत गेली. नियम चांगला आहे. पण त्याने देणं टळत नाही, नुसतं पुढे सरकतं, आणि लपवणाऱ्या माणसाला लपवायला वाव मिळतो. तसबिरीमागच्या पाकिटांसारखा.

जेवणं झाल्यावर वहीत आम्ही एक हिशेब मांडला. तिच्या कंपनीचा नव्हे, अॅमेझॉनच्या जाहीर दरांचा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्राचा. मुंबईचे दर थोडे निराळे असतात. दोन प्रोसेसर आणि चार जीबी मेमरीचं, लिनक्सवर चालणारं साधंसं यंत्र तासाला ४.१६ सेंट. डॉलर ८५ रुपये धरला तर तासाला साडेतीन रुपये. भाचा हसला, साडेतीन रुपयांत त्याच्याकडे कटिंग चहाही येत नाही. पण महिन्याचे सरासरी तास ७३०. सतत चालू ठेवलं तर ३०.३७ डॉलर, म्हणजे २,५८१ रुपये. रोज चारच तास चालवून थांबवलं तर १२० तासांचे ४२४. एवढा फरक नुसत्या थांबवण्याने पडतो. तेव्हा थांबवणं काही वाया जात नाही. आता यंत्र महिनाभर चालवलंच नाही असं धरा. १०० जीबीची डिस्क आठ डॉलर, राखून ठेवलेला पत्ता ३.६५ डॉलर, मिळून ९९० रुपये, वर जी.एस.टी. धरून १,१६८. काहीही न करण्याचे एवढे.

शिवाय माल बाहेर नेण्याचा खर्च. क्लाऊडवर माहिती चढवताना बहुधा काही पडत नाही. उतरवताना, ठराविक हद्दीपलीकडे, जीबीच्या हिशेबाने पडतं. फुकटात आत घ्यायचं आणि बाहेर जाताना जकात लावायची, ही नाक्याची जुनीच रीत. एक किंवा तीन वर्षांचा वायदा केला तर दर उतरतो, पण तो कायमचा धंदा असणाऱ्यांसाठी. शिकणाऱ्या पोरांनी त्या वाटेला जाऊ नये. महिन्याचं ठोक भाडं आकारणारी लहान यंत्रंही मिळतात, ती त्यांना बरी.

नातीने ह्यात एक भर घातली, जी मला ठाऊक नव्हती. मायक्रोसॉफ्टकडे 'थांबवलेलं' ह्याचेच दोन अर्थ आहेत. यंत्राच्या आतून, घरचा संगणक बंद करतो तसं बंद केलं, तर ते थांबतं; पण जागा तुमच्यासाठी अडवून ठेवलेली असते आणि तासाचं भाडं चालूच राहतं. बाहेरून, त्यांच्या फलकावरून थांबवून सोडून दिलं, तरच भाडं थांबतं. अशा वेळी डिस्कचं तेवढं उरतं. हे सांगताना ती पहिल्यांदाच नीट मान वर करून बोलत होती.

मग काढून टाकायचं काम. छोटं यंत्र लगेच गेलं. पत्ता सोडून दिला. डिस्कपाशी ती थांबली. चार हजार फोटो, आणि ते काढायला पोरांनी घालवलेले ऑक्टोबरातले रविवार. ती म्हणाली, "आजोबा, महिन्याला ७६० रुपये देऊन ठेवता नाही का येणार?" भाचा काही बोलणार होता, मी त्याला खूण केली. ठेवता येईल, मी म्हटलं, पण मग ते तुझ्या निर्णयाने ठेव, विसरून नको. तिने विचार केला. संध्याकाळी भाच्याने वर्कशॉपमधला, ड्रॉइंग ठेवायला घेतलेला हार्ड डिस्कचा डबा आणला. रात्रभर फोटो उतरत राहिले. उतरवण्याचे साडेतीनशेच्या आसपास लागतील असा अंदाज निघाला, तो तिने वहीत लिहून ठेवला.

सकाळी तिने डबा लॅपटॉपला जोडून फोटो मोजले. मधलेच पाच-सहा उघडून पाहिले. हिरवं पान, त्यावर तपकिरी ठिपके, कडेला कोणाचा तरी अंगठा. मग डिस्क काढून टाकण्याची आज्ञा दिली. खात्री म्हणून डिस्कचं नाव टाइप करायला सांगितलं गेलं. पोरांनी नाव ठेवलं होतं 'केळी-एक'. तिने ते दोनदा चुकीचं टाइप केलं. चार स्नॅपशॉट उरले होते, तेही गेले.

कंपनीला पत्र मी सांगितलं, तिने इंग्रजीत लिहिलं. कर्जमाफीच्या अर्जात लोक जे लिहितात ते आम्ही काही लिहिलं नाही. काय घडलं, कोणत्या तारखेला काय काढून टाकलं, मार्चचं बिल मान्य आहे, नंतरच्या दोन महिन्यांचा फेरविचार व्हावा, एवढंच. पाच दिवसांनी उत्तर आलं: एकवेळची सवलत म्हणून एप्रिल आणि मेचे पैसे माफ. उरले ७,९००. चौघांत वाटून प्रत्येकी १,९७५. ज्याने छोटं यंत्र विसरलं होतं, तो जास्त द्यायला निघाला होता. नातीने घेतले नाहीत.

जुलैत जूनच्या तेरा दिवसांचं बिल आलं, ते भाच्याने स्वतः भरलं आणि छापून महावितरणच्या फायलीत लावलं. कॅश क्रेडिटचं नूतनीकरणही झालं. बँकेच्या परीक्षेचा विषय पुन्हा निघाला नाही, किंवा निघाला असेल तर माझ्यापर्यंत आला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर त्याने एका बिलाचा फोटो पाठवला. वर तारीख, खाली देय रक्कम शून्य. आणि त्याखालचा मजकूर: "मामा, बिल शून्य शे. पन खातं अजून उघडं शे ना?"

मी चष्मा लावून फोटो मोठा केला. सवलतीआधीचा आकडाही शून्यच होता. खातं मात्र उघडंच होतं. मी त्याला रविवारी येतो म्हणून कळवलं.